स्वतःला श्रीमंत कधी म्हणायचं?

सदाफुली
नमस्कार मंडळी,
बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे, आज वेळ मिळालाय तर लिहून टाकते. माझ्या नात्यात, ऑफिसात, बिल्डिंगमध्ये एकही माणूस स्वतःला श्रीमंत म्हणवत नाही. नवरा-बायको दोघं आयटीत, दोघांचं मिळून वर्षाला चाळीस लाखांच्या पुढे, बाणेरला थ्री बीएचके, आणखी एक फ्लॅट भाड्याने दिलेला, मुलांना प्रत्येक विषयाचा वेगळा क्लास, वर्षाआड परदेशवारी, आणि बोलायला लागले की सुरुवात "आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना..." अशीच. आमच्या घरातही हेच बोललं जातं आणि मला ते आता पटेनासं झालंय.

म्हणून जरा आकडे शोधले. केंद्र सरकारचा घरगुती खर्चाचा सर्व्हे आहे २०२२-२३ चा. त्यात शहरात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,४५९ रुपये आणि खेड्यात ३,७७३. आणि शहरातले खर्चाच्या हिशोबाने सगळ्यात वरचे ५ टक्के घेतले तर त्यांचा माणशी सरासरी खर्च २०,८२४. म्हणजे चार माणसांचं घर धरलं तर महिन्याला ८३ हजारांच्या आसपास. आता आपापल्या घरचा महिन्याचा खर्च आठवून बघा. किराणा, मेंटेनन्स, शाळेची फी बारा महिन्यांत वाटून, पेट्रोल, हॉटेलिंग, ऑनलाइन मागवलेलं, मोबाइल, वायफाय, सगळं. माझ्या ओळखीतली निम्मी घरं त्या वरच्या ५ टक्क्यांच्या सरासरीत आरामात बसतात, काही तर बरीच पुढे जातात.

दुसरा आकडा उत्पन्नाचा. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबने मार्च २०२४ मध्ये भारतावर एक पेपर काढला, त्यात २०२२-२३ चं देशातल्या प्रौढ माणसाचं सरासरी उत्पन्न निघतं वर्षाला २.३ लाखांच्या आसपास, आणि साधारण २.९ लाख कमावणारा माणूस देशातल्या वरच्या १० टक्क्यांत जातो. महिन्याला चोवीस-पंचवीस हजार! आपण ज्याला सुरुवातीचा पगार म्हणून नाकं मुरडतो तो.

तर मग मधले लोक कोण? आपण नाही एवढं नक्की.

हा नुसता नावाचा वाद नाही असं माझं म्हणणं आहे. मध्यमवर्गीय म्हणवून घेतलं की बऱ्याच गोष्टी आपोआप माफ होतात. घरकामाच्या ताईंनी पाचशे रुपये वाढवून मागितले की "आम्हाला तरी कुठे परवडतं". सरकारने गरिबांसाठी काही काढलं की "आमच्या टॅक्सच्या पैशावर". आपण स्वतःला कुठे धरतो त्यावर आपण दुसऱ्याशी कसं वागतो हे ठरतं, म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही स्वतःला श्रीमंत समजता का? नसाल तर कधी समजाल? आणि समजत असाल तर कशावरून? मोकळेपणाने लिहा.

मृगाचा पाऊस
चांगला विषय. वाचतोय.

चौथी लोकल
सदाफुली, आकडे बरोबर असतील पण जगणं आकड्यात बसत नाही हो. मी ठाण्यात राहतो, टू बीएचके, नव्वद लाखांचं लोन, ईएमआय ७८ हजार, वीस वर्षांचं. बायकोने दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली. आई-वडील माझ्याकडे, दोघांचं वय सत्तरच्या पुढे, आईला शुगर आणि वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे त्यांचा हेल्थ इन्शुरन्स कुणी धड देत नाही आणि देतात ते प्रीमियम असा सांगतात की ऐकूनच फोन ठेवावा. कंपनीत गेल्या वर्षी टीममधली माणसं कमी केली, त्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा बेचाळीस वर्षांचा माणूस गेला आणि त्याला सहा-सात महिने काही मिळालं नाही. माझं पॅकेज सांगितलं तर तुम्ही मला वरच्या २ टक्क्यांत टाकाल पण तीन पगार चुकले तर माझं घर बँकेचं आहे. ह्याला श्रीमंत म्हणायचं?

आणि तो सर्व्हे म्हणता त्यात घराचा ईएमआय धरत नाहीत, तो खर्च नाही गुंतवणूक समजतात. शिवाय मोठ्या बंगल्यातले लोक सर्व्हेवाल्याला दारातही उभं करत नाहीत हे सगळ्यांना माहितीये. त्यामुळे वरचे ५ टक्के म्हणजे खरे वरचे नाहीतच ते.

ताळेबंद
चौथी लोकल, सर्व्हेबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं भाडंही त्यात धरत नाहीत. अतिश्रीमंत त्यात नीट सापडत नाहीत हे जाणकारही मान्य करतात, म्हणून तर त्या दुसऱ्या पेपरमध्ये आयकराचे आकडेही घेतलेत. पण लक्षात घ्या, वरचे लोक सापडले तर फरक त्यांच्या सरासरीत पडेल, तुमच्या खाली किती लोक आहेत त्यात फारसा पडणार नाही. त्या पेपरप्रमाणे वरच्या १ टक्क्याचं सरासरी उत्पन्न ५३ लाख आहे. तुम्हाला ते शिखर दिसत राहतं आणि आपण पायथ्याला आहोत असं वाटतं.

मी कर सल्लागार आहे, रोज लोकांचे कागद बघतो. सरकारने पूर्वी संपत्ती कर ठेवला होता, ३० लाखांच्या वरच्या करपात्र मालमत्तेवर १ टक्का, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला. आता उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेलं की करावर १० टक्के अधिभार, कोटीच्या पुढे १५. दुसऱ्या टोकाला, २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत करच नाही, पगारदाराला पावणेतेरापर्यंत. म्हणजे त्याच पेपरच्या हिशोबाने वरच्या १० टक्क्यांत असणारे बरेचसे लोक आज प्राप्तिकराचा एक रुपया भरत नाहीत. आणि जीएसटी मात्र सगळेच भरतात, माझ्या ऑफिसात चहा आणून देणारा मुलगासुद्धा, त्यामुळे "आमच्या टॅक्सवर" हे वाक्य मलाही खटकतं.

क्लायंटला मी एक साधा हिशोब करायला सांगतो. राहतं घर सोडा, अंगावरचे दागिने सोडा, गावची न विकली जाणारी जमीन सोडा. बाकी जे आहे, एफडी, म्युच्युअल फंड, पीएफ, पीपीएफ, शेअर, त्याची बेरीज करा, त्यातून कर्ज वजा करा आणि वर्षाच्या घरखर्चाने भागा. येतील तितकी वर्षं तुमचं घर पगाराशिवाय चालेल. पंचवीस आलं की निवृत्त व्हा असं नेटवर सगळीकडे सांगतात, ते अमेरिकेतल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी १९९४ मध्ये काढलेलं गणित आहे, आपल्या महागाईला जसंच्या तसं लावू नका. पण पाच आलं तरी तुम्ही पुष्कळ सुरक्षित आहात. माझ्याकडे वर्षाला पस्तीस लाख कमावणारे आहेत ज्यांचं उत्तर पाऊण वर्ष येतं, आणि एक क्लार्क म्हणून रिटायर झालेल्या बाई आहेत ज्यांचं बावीस येतं.

चौथी लोकल
माझं उत्तर सव्वा वर्ष आलं. पीएफ धरून.

सजा क्रमांक
मी तहसील कार्यालयात आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला हा माझा रोजचा विषय. सरकारच्या लेखी श्रीमंत-गरीब कसं ठरतं ते सांगतो. रेशनकार्डाला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५ हजार ते १ लाख असेल तर केशरी, १ लाख किंवा जास्त असेल तर पांढरं. ही तीन रंगांची पद्धत १९९९ ची आहे. चारचाकी असेल किंवा ४ हेक्टर बागायत असेल तरी पांढरं. लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची मर्यादा, घरात ट्रॅक्टर चालतो पण दुसरी चारचाकी चालत नाही. आणि ईडब्ल्यूएसला मर्यादा ८ लाख, ओबीसीच्या क्रीमी लेयरलाही ८ लाखच.

म्हणजे ज्या घराचं उत्पन्न सात लाख आहे ते रेशनच्या कागदावर सधन, पांढरं कार्ड, आणि त्याच घरातला मुलगा खुल्या प्रवर्गात ॲडमिशनला गेला की आर्थिक दुर्बल. दोन्ही दाखल्यांवर सही आमच्याच ऑफिसची. बारावीचा निकाल लागला की जून-जुलैत रांग असते. त्यात स्विफ्ट लांब उभी करून आलेले असतात आणि पायी आलेली बाईही असते. बाईचा दाखला अडीच लाखांच्या आतला लगेच निघतो, तिला शंका येते की आपल्याला काही चुकीचं तर लिहून दिलं नाही ना, कारण तिच्या हिशोबात अडीच लाख म्हणजे फार मोठी रक्कम असते. स्विफ्टवाल्याला ८ लाखांच्या आतला मिळवताना शेतीचं उत्पन्न किती दाखवायचं ह्याची चर्चा करायची असते. स्वतःला श्रीमंत न म्हणण्यात आपल्याकडे रोख फायदा आहे हे विसरू नका. कागदावर श्रीमंत व्हायला कुणीच तयार नाही.

बेदाणा
शेतीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे, तीन एकर. रस्त्यावरून जाणारा माणूस बघतो, आरसीसी बंगला, दारात बोलेरो, ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, आणि म्हणतो बागायतदार आहेत, पैसा रग्गड आहे, वर शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. गावात आम्ही श्रीमंतच आहोत आणि ते खोटं आहे असंही मी म्हणणार नाही, कारण आमच्या बागेत छाटणीला, थिनिंगला म्हणजे घड विरळ करायला येणाऱ्या बायका संध्याकाळी हजेरी घेऊन जातात त्यांच्यापुढं मी गरीब म्हणालो तर मलाच लाज वाटंल.

पण हा पैसा कसा असतो ते शहरातल्या लोकांना कळावं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. त्यानंतर चार महिने औषधं, खतं, मजुरी, सगळं औषध दुकानाच्या उधारीवर. फुलोऱ्यात दोन-तीन दिवस ढग आणि पाऊस राहिला की घड कुजतात, डाऊनी रोग येतो, रात्री दोनला उठून ब्लोअर चालवायचा. एवढं करून माल हातात आला तर व्यापाऱ्याचा दर, आणि दर पडला तर शेडवर टाकून बेदाणा करायचा आणि स्टोरेजला ठेवायचा, परत त्याचं भाडं. मार्चअखेर आली की सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं, म्हणजे कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणून भरायचे आणि परत उचलायचे. आमच्या भागातली निम्मी लोकं हेच करतात. एका वर्षी बारा लाख शिल्लक राहतात, पुढच्या वर्षी सहा लाख अंगावर येतात. वडील म्हणायचे की सलग तीन वर्षं नवं-जुनं न करता भरलं तर आपण श्रीमंत. त्यांच्या हयातीत एकदा दोन वर्षं झालं होतं, तिसऱ्या वर्षी अवकाळीनं नेलं.

तर माझी व्याख्या तीच आहे, वडिलांची. ३१ मार्चला कुणाकडे हात पसरायला लागू नये.

सदाफुली
बेदाणा दादा, अगदी डोळ्यापुढे उभं राहिलं. आणि थिनिंगच्या बायकांबद्दल लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही कर्जातही आहात आणि तरीही त्यांच्यापुढे स्वतःला गरीब म्हणत नाही, मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

चौथी लोकल, तुमची भीती शंभर टक्के खरी आहे, माझ्याही घरात आहे ती. पण भीती आहे म्हणून आपण श्रीमंत नाही असं होत नाही ना? ह्या देशात भीती सगळ्यांनाच आहे, सरकारी दवाखाना धड नाही, शाळा धड नाही, म्हातारपणाची सोय नाही. फरक एवढाच की तुमच्याकडे सव्वा वर्ष आहे. आमच्या ताईंकडे पंधरा दिवस असतील. भीतीवर उपाय म्हणून आपण साठवतो, आणि साठवता येतं ही गोष्टच आपल्याला वरच्या लोकांत नेऊन बसवते.

खडू-फळा
सदाफुलीताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नोकरीला लागलो तेव्हा पगार हातात आला की किराणा दुकानाची वही मिटवायची आणि उरलं तर पोस्टात टाकायचं. घर बांधलं निवृत्तीच्या सहा वर्षं आधी. आज मला जुन्या नियमाप्रमाणे पेन्शन आहे, महिन्याला पन्नास हजारांच्या आसपास, वर महागाई भत्ता वाढतो. ताळेबंद साहेबांच्या हिशोबात माझी बेरीज फारच कमी येईल कारण बँकेत मोठी रक्कम नाही. पण सहा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला सहा लाख यायला एक कोटीची ठेव लागते. ती न दिसणारी एफडी माझ्या नावावर आहे आणि ती मोडता येत नाही, मुलांनाही मागता येत नाही.

१ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना ही पेन्शन नव्हती. माझ्याच शाळेत २००४ ला लागलेला शिक्षक आणि २००६ ला लागलेला शिक्षक, वर्ग शेजारी-शेजारी, डबा एकत्र खाणारे, पण म्हातारपणाच्या हिशोबात एक श्रीमंत आणि दुसरा काळजीत. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपामध्ये हेच तर मागणं होतं. त्यामुळे श्रीमंती नुसती कमावलेली असते असं मला वाटत नाही, बरीचशी तारखेवर असते. मी स्वतःला श्रीमंत मानतो. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं पण सत्तराव्या वर्षी मानतो, कारण पहिल्या तारखेची वाट बघायला लागत नाही.

ताळेबंद
गुरुजी, बरोबर आहे, पेन्शन धरायलाच हवी होती हिशोबात, तुमचे पन्नास हजार म्हणजे एक कोटीच. ज्यांना पेन्शन नाही त्यांच्यासाठी तुलना सांगतो: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. आणि ते वाढत नाहीत.

वेशीबाहेरचा
पुण्याच्या कडेला आमचं गाव, आता महापालिकेत गेलंय. इथे श्रीमंती कशी आली आणि कशी गेली दोन्ही मी बघितलंय. जमिनीला भाव आला तेव्हा गुंठ्याचे दर ऐकून म्हातारी माणसं हरखून गेली होती. ज्यांनी एकरकमी विकली त्यांच्याकडे दोन-तीन वर्षं नुसती जत्रा होती, मोठ्या गाड्या, गळ्यात चेन, लग्नात पाच हजार पान, वाढदिवसाचे फ्लेक्स. भावा-भावांत वाटण्या, बहिणींच्या सह्यांवरून कोर्ट. आज त्यातलीच काही मुलं त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत. हे मी रंगवून सांगत नाहीये, नावं घेत नाही इतकंच.

आणि इथून फार लांब नाही, मगरपट्ट्यात शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी मिळून चारशे एकरांच्या वर जमीन एकत्र केली, विकली नाही, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. २००० च्या सुमाराला काम सुरू झालं. त्यांना भाडं आणि डिव्हिडंड येत राहिला, पोरं कंत्राटं घ्यायला शिकली. तेच पुणे, तीच हडपसरची काळी जमीन, तोच काळ. फरक कशात पडला ह्याचा मी खूप विचार करतो. आमच्याकडे कुणी एकत्र बसवलंच नाही, आणि बिल्डरचा माणूस प्रत्येक घरी वेगवेगळा गेला.

त्यामुळे मला कुणी विचारलं श्रीमंत कोण तर मी विचारतो दर महिन्याला काय येतं आणि पुढच्या पिढीला काय येतं. हातात एकदा आलेली रक्कम मी धरत नाही.

परसबाग
न्यू जर्सीहून लिहितेय. इथे अमेरिकेत २०२३ चं मधलं घरगुती उत्पन्न ८०,६१० डॉलर होतं. आमचं दोघांचं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे आणि एडिसनमधल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही घरी जा, तिथेही कुणी स्वतःला श्रीमंत म्हणत नाही. प्रॉपर्टी टॅक्स, मुलांचं कॉलेज, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना तर नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा. भारतात आलं की मात्र भाजीवालीपासून आत्यापर्यंत सगळ्यांच्या दृष्टीने आम्ही श्रीमंत आणि तिथे नाही म्हणायला तोंड उघडत नाही. दोन्ही देशांत वेगळी उत्तरं येतात हे मला अजून सुटलेलं नाही. एवढं मात्र कळतं की आपण तुलना नेहमी शेजारच्या ड्राइव्हवेशी करतो.

सावलीतली
धागा कालपासून वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझी आई पुण्यात घरकाम करायची. सहा घरं, भांडी-फरशी आणि दोन घरी कपडे. मी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, स्वतःचा वन बीएचके आहे, तिला काम सोडायला लावून आठ वर्षं झाली. त्यामुळे दोन्हीकडून बघितलंय म्हणून सांगते.

लहानपणी आम्हाला श्रीमंत लोक गाडीवरून कळत नव्हते. आई ज्या घरी जायची त्या घरात कुणाला ताप आला की त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरकडे जायचे. आमच्याकडे पहिला दिवस तसाच, दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याला सांगून चार गोळ्या, तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर दवाखाना, आणि तोही आईने एखाद्या घरून उचल घेतली तर. ती उचल पुढच्या पगारातून कापली जायची. एका घरी वहिनी कापायच्या नाहीत. आई त्यांचं काम सगळ्यात शेवटी करायची, म्हणजे घाई न करता नीट करता यावं म्हणून. त्या घरी स्कूटर होती फक्त, आणि बाकीच्या पाच घरी कार. आईच्या बोलण्यात "मोठ्या घरच्या" हा शब्द त्या वहिनींसाठीच यायचा.

दुसरी गोष्ट, सुट्टी. आजारी पडली की खाडा. खाडा म्हणजे पैसे कट. तेच घरातली माणसं ऑफिसला सिक लीव्ह टाकून घरी झोपलेली असायची, पगार चालू. माझ्या पहिल्या नोकरीत ऑफर लेटरमध्ये पगारी रजेचा आकडा बघितला तेव्हा पगारापेक्षा तो आकडा मी आईला आधी सांगितला होता.

मी श्रीमंत आहे. मावशीच्या मुलाची फी भरते, मामाचं ऑपरेशन केलं, गावाला कुणाचं काही झालं की पहिला फोन मला येतो. पैसे उरत नाहीत फार, ताळेबंद सरांचं उत्तर माझं जेमतेम दीड येतंय. तरी मी श्रीमंतच आहे कारण तो फोन आला की मला हो म्हणता येतं. इथे चाळीस लाखवाले मध्यमवर्गीय म्हणवतात तेव्हा माझ्या आईला कोणत्या वर्गात टाकायचं ते मला कुणी सांगितलं तर बरं होईल.

बेदाणा
ताई, दंडवत.

चौथी लोकल
सावलीतली, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आमच्याकडे मावशी येतात त्यांचा खाडा आम्ही कापत नाही, पण त्यांच्या वर्षाच्या पगारी सुट्ट्या ठरलेल्या नाहीत हे खरंय, त्यांना दर वेळी मागावी लागते. हे बोलून ठरवून टाकतो. श्रीमंत म्हणवून घ्यायला मी अजून तयार नाही, लोन फिटेपर्यंत होणारही नाही. पण मध्यमवर्गीय म्हणताना ह्यापुढे अडखळेन.

पेठेतली
पगारी रजेचं बोलणं निघालंय तर, पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, आणि त्यातून संघटना उभी राहिली. हक्काची रजा, दिवाळीचा बोनस ह्या गोष्टी पुण्यातल्या बऱ्याच घरांत आज गृहीत धरल्या जातात त्या अशा भांडून मिळालेल्या आहेत. आमच्या आजीच्या पिढीला त्याचा भयंकर राग आला होता, त्याही स्वतःला मध्यमवर्गीयच म्हणायच्या. पुढे २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी होते, पण कितीजणींची झालेली असते? आपल्याकडे येणाऱ्या बाईंची आहे का हे इथल्या कितीजणांनी विचारलंय?

सदाफुली
पेठेतली, मी विचारलं होतं, नव्हती. कागद सोपे आहेत पण खेटे घालायला लागतात, आणि एक खेटा म्हणजे तिचा एक खाडा, म्हणून ती जात नाही. मालकांनी काम करते असं लिहून द्यावं लागतं तिथे बरेचजण मागे सरतात, उगाच काही कायद्याचं लचांड मागे लागेल म्हणून. काही लागत नाही.

सावलीतली, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. धागा काढताना मी वरून खाली बघत होते, तुम्ही खालून दाखवलंत. डॉक्टरकडे पहिल्या दिवशी जाणं, ही कसोटी मी माझ्या घराला लावून बघितली आणि आम्ही श्रीमंत आहोत. नवऱ्यालाही सांगितलं, तो "हो, आहोत" म्हणाला आणि पाठोपाठ पुढच्या वर्षीच्या फीचा विषय काढला. दोन्ही खरं आहे.

मृगाचा पाऊस
सगळं वाचलं. एक व्यवहारी प्रश्न. आमच्या सोसायटीत ऐंशी फ्लॅट आहेत, घरकामाला, सफाईला, वॉचमन धरून चाळीसेक माणसं येतात. इथलं वाचून कमिटीपुढे काहीतरी मांडावंसं वाटतंय. पगारवाढीवर एकमत होणार नाही हे मला माहितीये. सगळे हो म्हणतील असं कमीत कमी काय करता येईल?

ताळेबंद
विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं आयुर्विमा कवच मिळतं, वय १८ ते ५०. सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूचं दोन लाखांचं, वय १८ ते ७०. दोन्हींचे मिळून ४५६. चाळीस माणसांचे झाले १८,२४०, ऐंशी फ्लॅटमध्ये वाटले तर फ्लॅटमागे वर्षाला २२८ रुपये. पैसे त्यांच्या बचत खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा मे महिन्याच्या आधी तेवढी रक्कम त्यांच्या खात्यात टाकायची, वर्ष १ जूनला सुरू होतं. वय चाळीसच्या आत असेल आणि ती व्यक्ती आयकर भरत नसेल तर अटल पेन्शनही काढता येते, साठीनंतर महिना एक ते पाच हजार. ती लहान वयात सुरू केली तर हप्ता फार कमी बसतो, त्यामुळे तरुण मुलींचं आधी बघा.

सावलीतली
आणि फॉर्म भरायला बँकेचा माणूस सोसायटीत बोलवा, रविवारी. त्यांना बँकेत पाठवू नका. वारसाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव सवयीने घातलं जातं, तिथे त्यांना एकदा बाजूला घेऊन विचारा कुणाचं घालायचंय. माझ्या आईने माझं घातलं होतं.

मृगाचा पाऊस
नोंद केली. पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे, अजेंड्यावर टाकायला सेक्रेटरींना आत्ताच मेसेज केलाय. काय झालं ते इथे लिहितो.